विजेची मोटार, खड्ड्यांचा रस्ता : चाक केवढे घ्यावे?

आमच्या कापड धंद्यातील बरीच मंडळी अलीकडे विजेच्या मोटारी घेऊ लागली आहेत. डिझेलचा खर्च वाचतो, गाडी आवाज करीत नाही, रात्री दुकानामागे चार्जिंगला लावली की सकाळी तयार असते. गाडी घेताना बॅटरी किती, एका चार्जमध्ये किती किलोमीटर, किती वर्षांची हमी, हे सगळे जण विचारतात. चाक केवढे आहे हे मात्र क्वचित कोणी विचारतो. विचारलेच तर "मोठे आहे ना?" एवढेच विचारतो. हा प्रश्नच उलटा आहे, हे आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो. आपल्या व्यापारी बंधूंना ते फुकट शिकता यावे म्हणून हा लेख.

नाशिकच्या व्यापाऱ्याचे रस्ते कोणते? मुंबई-आग्रा रस्त्याने चांदवडचा राहुड घाट ओलांडून मालेगाव, पॉवरलूमच्या मालासाठी. निफाडवरून येवला, पैठणीसाठी. कसारा घाट उतरून भिवंडी. शिवाय घोटी, वणी, सटाणा येथील दुकानदारांकडे उधारी वसुलीच्या फेऱ्या. यातील मोठे रस्ते बरे आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ कि.मी.चा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि भिवंडीची वाट सोपी झाली. पण माल महामार्गावर मिळत नाही. तो गल्लीत, गोदामात, कारखान्याच्या दारात मिळतो. तेथे पावसाळ्यानंतर रस्ता शोधावा लागतो. म्हणून पहिली गोष्ट अशी की चाक चांगल्या सत्तर किलोमीटरसाठी निवडायचे नसते, शेवटच्या वाईट पाच किलोमीटरसाठी निवडायचे असते.

आमचा अनुभव

आमच्या गाडीला कारखान्यातून २१५/६० आर १६ या मापाचे टायर आले होते. दिसायला साधे, रिमवर प्लास्टिकचे झाकण. आमच्या पुतण्याला ते पसंत पडेना. गाडी घेऊन सहा महिने झाले तोच त्याने एका दुकानातून १८ इंची अलॉय आणि त्यावर २१५/४५ मापाचे पातळ टायर बसवून आणले. "चाचा, आता गाडी गाडीसारखी दिसते," असे म्हणाला. दिसत होती, हे खरे.

२०२४ च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर, आम्ही दोघे मालेगावहून मनमाडमार्गे येवल्याला निघालो होतो. गाडीत शर्टिंगचे नमुने आणि दोन गठ्ठे तयार माल. संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. पाण्याने भरलेला एक खड्डा दिसला नाही. डावीकडची दोन्ही चाके त्यात गेली. पुढच्या टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आला, मागचा टायर बाजूने फाटून बसला. गाडीत स्टेपनी नव्हती. पंक्चरची बाटली आणि छोटा पंप होता. बाटलीतले औषध फाटलेल्या जागेतून बाहेर वाहून गेले.

जवळच्या गावातून पंक्चरवाला आला. त्याने बोटाने तो फुगा दाबून पाहिला आणि म्हणाला, "सेठ, रबर नाही तुटले, आतला कपडा तुटला आहे. हा टायर आता होणार नाही." गाडी टेम्पोवर चढवून मालेगावला परत नेली. तेथे दोन-तीन दुकाने हिंडलो. १६ इंची टायर सगळीकडे होते, आमच्या १८ इंची मापाचा एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी नाशिकहून टायर आले. तोपर्यंत येवल्याच्या दुकानदाराने दिवाळीचा माल दुसऱ्याकडून उचलला होता. टायरचे पैसे गेले ते गेलेच. पण त्या दुकानदाराशी आमचा नऊ वर्षांचा व्यवहार होता, आणि त्याने पुढच्या मोसमातही त्या दुसऱ्याकडूनच माल घेतला. हे नुकसान कोणत्या वहीत लिहायचे?

टायर हे कापडाचे काम आहे

पंक्चरवाल्याचे ते एक वाक्य आमच्या डोक्यात राहिले. चाळीस वर्षे कापड विकणाऱ्या माणसाला टायरमध्ये कापड असते हे ठाऊक नसावे, याची लाज वाटली. मग आम्ही चौकशी केली.

१८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचा टायर बसवला, तेव्हाही रबराच्या नळीवर कापडच गुंडाळले होते. आजच्या मोटारीच्या रेडियल टायरमध्ये पॉलिएस्टरचे मजबूत दोर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कमानीसारखे जातात. कापडाच्या भाषेत सांगायचे तर त्यात ताणा आहे, बाणा जवळजवळ नाही. रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, म्हणून तेथे खिळा घुसला तरी टायर दुरुस्त होतो. बाजूच्या उभ्या भागात मात्र पोलाद नसते. तेथे एक किंवा दोन थर दोरच असतात, कारण त्या भागाला दबायचे आणि पुन्हा उभे राहायचे असते. या भागाला साइडवॉल म्हणतात.

खड्ड्याच्या कडेवर चाक आदळले की साइडवॉल दबते. तिची उंची भरपूर असेल तर धक्का हवेत आणि रबरात जिरतो. उंची कमी असेल तर ती पूर्ण दबून जाते, आणि एकीकडे दगडाची धार, दुसरीकडे रिमची कड, यांच्यामध्ये दोर कात्रीत सापडल्यासारखे तुटतात. वरचे रबर तसेच राहते, पण आत धागे तुटलेल्या जागी हवा बाहेर ढकलते. तोच फुगा. फुगा आलेल्या टायरला जगातील कोणताही कारागीर रफू करू शकत नाही. तो टायर रस्त्यात कधीही फुटू शकतो. तो ताबडतोब बदलावा, स्टेपनीतही ठेवू नये.

टायरवरचे आकडे कसे वाचावे

ठाण घेताना आपण पन्हा, काउंट, वजन पाहतो. टायरवरही सर्व काही लिहिलेले असते. २१५/६० आर १६ याचा अर्थ असा : टायरची रुंदी २१५ मिमी. साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी. 'आर' म्हणजे रेडियल. आणि १६ इंच हा आतील रिमचा व्यास. एक इंच २५.४ मिमी धरला तर रिम ४०६ मिमी, त्यात वर-खाली दोन साइडवॉल मिळवल्या की चाकाची एकूण उंची सुमारे ६६४ मिमी होते.

आता पुतण्याने बसवलेले माप पाहा. २१५ चे ४५ टक्के म्हणजे साइडवॉल फक्त ९७ मिमी. धक्का सोसणारा भाग ३२ मिमीने घटला. रिम ४५७ मिमी झाली, पण एकूण उंची ६५१ मिमीच भरली. म्हणजे रिम दोन इंच मोठी झाली आणि चाक उलट सुमारे १४ मिमीने लहान झाले. त्यामुळे गाडी ७ मिमी खाली बसली. पोटाखाली बॅटरी असलेल्या गाडीला खडबडीत रस्त्यावर हे परवडत नाही. "मोठे चाक घेतले म्हणजे गाडी उंच होते" असे बरेच जण समजतात. गाडीची उंची ठरते ती चाकाच्या एकूण व्यासावर, रिमच्या आकड्यावर नव्हे.

आणखी एक गंमत. चाक लहान झाले की तेवढ्याच अंतराला ते जास्त फेरे घेते आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवते. आमच्या गाडीत हा फरक सुमारे २ टक्के होता. शंभर किलोमीटर गेलो की मीटर १०२ दाखवी. पुतण्या सांगत असे, "चाचा, अ‍ॅव्हरेज फारसे कमी झालेले नाही." गजच आखूड असेल तर कापड जास्तच भरणार!

वजन उचलण्याची ताकद

मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, जसे ९५ एच. हा आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलू शकतो याची खूण. ९५ म्हणजे ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो, ८९ म्हणजे ५८० किलो. अक्षर वेगासाठी आहे : टी १९० कि.मी., एच २१० कि.मी. आपल्याला वेगाचे अक्षर सहसा कमी पडत नाही. वजनाचा आकडा कमी पडू शकतो.

आमचे मूळ टायर ९५ चे होते, नवीन पातळ टायर ८९ चे निघाले. एका टायरमागे ११० किलो, चारांमागे ४४० किलो ताकद आम्ही पैसे देऊन कमी करून घेतली होती. विजेची मोटार तिच्यासारख्याच पेट्रोल मोटारीपेक्षा बॅटरीमुळे बरीच जड असते. त्यात चार माणसे आणि कापडाचे गठ्ठे. कापड दिसायला मऊ, पण गठ्ठ्याचे वजन काय असते ते आपल्या हमालांना विचारा. म्हणून नियम पक्का : कारखान्याने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कधीही बसवू नये, दुकानदार कितीही सवलत देवो.

मोठ्या रिमने किलोमीटर का घटतात

पेट्रोल गाडीत चाकामुळे ॲव्हरेज थोडे कमी झाले तर आपण वाटेत पंपावर थांबतो. विजेच्या गाडीत ती उणीव थेट घरी परतण्यावर येते. मोठी अलॉय रिम बहुधा जड असते आणि तिचे वजन बाहेरच्या कडेकडे सरकलेले असते, त्यामुळे प्रत्येक वेळी वेग घेताना जास्त वीज लागते. मोठ्या रिमबरोबर टायरही सहसा रुंद येतो, म्हणून रस्त्याशी आणि वाऱ्याशी घर्षण वाढते.

फरक किती पडू शकतो याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. ह्युंदाईच्या आयोनिक ६ या मोटारीला २०२३ मध्ये तेथील सरकारी चाचणीत, तीच मोठी बॅटरी आणि मागच्या चाकांना तीच मोटर असताना, १८ इंची चाकांवर ३६१ मैल आणि २० इंची चाकांवर ३०५ मैल असे अंतर मिळाले. म्हणजे सुमारे ९० कि.मी.चा फरक. २० इंचीवाल्या गाडीत साजसामान जास्त असते, त्यामुळे सगळा दोष चाकांवर टाकता येणार नाही. पण मोठा वाटा त्यांचाच.

आपला हिशेब करू. नाशिक ते मालेगाव सुमारे १०५ कि.मी., जाऊन येऊन २१०. समजा गाडी भरल्या मालासह २८० कि.मी. चालते. परत येताना ७० शिल्लक. त्यात ८ टक्के घट झाली तर ४८ शिल्लक, १५ टक्के झाली तर २८. मे महिन्यात एसी चालू, राहुड घाटाचा चढ, वाटेत एखाद्या गावी वाकडी वाट. मग पिंपळगावच्या आसपास मन घड्याळाकडे आणि डोळे बॅटरीच्या आकड्याकडे. ७० शिल्लक असणारा माणूस निवांत येतो.

मग सर्वात लहान चाकच घ्यावे का?

तसेही नाही. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. रिम लहान हवी, पण पूर्ण चाक लहान नको. एम.जी. कॉमेटला १४५/७० आर १२ टायर येतात, एकूण उंची सुमारे ५०८ मिमी. टाटा टियागो ईव्हीला १७५/६५ आर १४, उंची ५८३ मिमी. टाटा नेक्सॉन ईव्हीला २१५/६० आर १६ म्हणजे ६६४, आणि महिंद्रा एक्सयूव्ही ४०० ला २०५/६५ आर १६ म्हणजे ६७३ मिमी. आता ३०० मिमी रुंदीचा एक खड्डा धरा. भूमितीच्या हिशेबाने कॉमेटचे चाक त्यात सुमारे ४९ मिमी उतरेल, नेक्सॉनचे ३६ मिमी. मोठा गोल खड्ड्यावरून जातो, लहान गोल खड्ड्यात उतरतो. बैलगाडीचे चाक उगीच माणसाच्या छातीएवढे नसे.

कॉमेट, टियागो या गाड्या वाईट आहेत असे यातून कोणी समजू नये. भद्रकाली, चौक मंडईच्या गल्ल्यांतून फिरायला लहान गाडीसारखे सुख नाही. पण ज्याचे निम्मे दिवस कळवण-सटाण्याच्या रस्त्यावर जातात त्याने एकूण मोठे चाक आणि उंच साइडवॉल असलेली गाडी पाहावी.

एकाच गाडीला दोन-तीन चाके मिळत असतील तेव्हा निवड सोपी होते. महिंद्राच्या बीई ६ या मोटारीला २४५/६० आर १८, २४५/५५ आर १९ आणि २४५/५० आर २० अशी मापे आहेत. तिघांची एकूण उंची जवळजवळ सारखीच, ७५१ ते ७५३ मिमी. गाडी तीनही चाकांवर तेवढीच उंच राहते. फरक फक्त साइडवॉलमध्ये : १४७, १३५ आणि १२२ मिमी. पातळ घेणाऱ्याला दिखाऊपणा मिळतो आणि गुळगुळीत रस्त्यावर वळणात गाडी थोडी घट्ट वाटते. जाड घेणाऱ्याचा टायर वाचतो, कंबर वाचते, किलोमीटर वाचतात, आणि पुढचा टायरही स्वस्त पडतो.

यातून सूत्र निघते ते असे : कारखान्याने त्या गाडीसाठी मंजूर केलेल्या मापांपैकी सर्वात लहान रिम आणि सर्वात उंच साइडवॉल घ्या. त्याहूनही लहान रिम स्वतःच्या मनाने बसवू नका. आतल्या ब्रेकला जागा लागते, ती अडते.

स्टेपनीचा प्रश्न

पूर्वी स्टेपनीशिवाय गाडी मिळतच नसे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे साहित्य असेल तर प्रवासी मोटारीला स्टेपनी देणे सक्तीचे राहिले नाही. विजेच्या गाड्यांत जागा आणि वजन वाचवायला बरेच कारखानदार याचा फायदा घेतात. शहरात ठीक आहे. पण ती बाटली फक्त खिळ्याच्या छिद्राला उपयोगी. साइडवॉल फाटली की तिचा उपयोग शून्य, हे आम्ही मनमाडच्या रस्त्यावर पाहिले. गाडीत स्टेपनी नसेल तर त्याच मापाची लोखंडी डिस्क आणि टायर वेगळे विकत घ्या, आणि लांबच्या फेरीला मालाबरोबर तेही ठेवा.

रिम लोखंडी की अलॉय? लोखंडी रिम आदळली तर वाकते आणि पुष्कळदा ठोकून सरळ होते. अलॉय जोरात आदळली तर तिला चीर पडू शकते. चांगली अलॉय हलकी असते आणि दिसते छान. पण ज्याच्या वाटेत खड्डे जास्त, त्याला लोखंडी डिस्क घेण्यात कमीपणा नाही.

गाडी घेताना आणि घेतल्यावर

पहिले, दुकानात जाण्यापूर्वी आपल्या महिन्याच्या फेऱ्या कागदावर लिहा. पैकी किती किलोमीटर खराब रस्त्याचे, ते वेगळे काढा.

दुसरे, वरच्या श्रेणीची गाडी घेतली की बऱ्याचदा मोठी रिम गळ्यात पडते. मधल्या श्रेणीत लहान रिम असेल तर तीच घ्या, किंवा विक्रेत्याला चाके बदलून मागा. कबूल केले तर बिलावर लिहून घ्या.

तिसरे, चाचणीला गाडी घेतली की गंगापूर रोडच्या गुळगुळीत रस्त्यावर फिरवून परत देऊ नका. चार माणसे बसवा आणि आपल्या नेहमीच्या खराब गल्लीतून न्या.

चौथे, ज्या गावांना तुम्ही जाता तेथील टायरवाल्याला विचारा, हे माप तुझ्याकडे मिळते का. तेथे न मिळणारे माप घेणे म्हणजे ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत असा माग घेणे.

पाचवे, हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. तेवढाच ठेवा आणि टायर थंड असताना मोजा. खराब रस्त्यावर हवा कमी केली की गाडी मऊ चालते खरी, पण साइडवॉल लवकर पूर्ण दबते, आणि मग कापड तुटते. समृद्धीसारख्या काँक्रीटवर वेगाने जाताना कमी हवेचा टायर तापून फुटण्याचा धोका वेगळाच. पंधरा दिवसांतून एकदा टायरच्या आतल्या बाजूवरही हात फिरवून फुगा पाहावा.

सहावे, बाहेरून मापे बदलू नका. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असे फेरबदल करू देत नाही. कारखान्याने मंजूर न केलेली चाके असतील तर हमीच्या आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी वाद उभा राहू शकतो. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, आणि गाडीतील सर्वात महाग वस्तू तीच. तिच्या दाव्यात पेच नको.

आमच्या पुतण्याची ती १८ इंची चाके आम्ही विकली. निम्मेही पैसे आले नाहीत. जुनी १६ इंची चाके गोदामात कापडाच्या कात्रणांखाली पडली होती, तीच धुऊन पुन्हा बसवली. त्यानंतर दुसरा पावसाळा गेला. त्याच मनमाड रस्त्यावर खड्डे लागले, गाडी आदळली, आम्ही उतरून पाहिले, काही झाले नव्हते. पुढे निघालो आणि दुकान बंद होण्यापूर्वी येवल्याला पोहोचलो. आता येवल्यात नवा दुकानदार जोडला आहे. जुना अजून परत आलेला नाही. पुतण्या हल्ली गाडीच्या दिसण्याबद्दल बोलत नाही. गिऱ्हाइकाला ठाण दाखवताना मात्र सांगतो, "भाई, चमक पाहू नका, पोत पाहा."